आता तू काय करतेस? – टेबलावरच्या खेळांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी माझ्या कामाविषयी लिहिलं होतं. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो, अडेल तिथे फासे टाकतात आणि सगळे मिळून एक गोष्ट जगतात. अशा खेळांसाठी मी प्रसंग लिहिते. नौपाड्यातल्या घरी बसून नऊ वर्षं हे काम चाललंय, आणि दर शनिवारी संध्याकाळी त्याच घरात आम्ही खेळतोही. त्या लेखावर कळव्यापासून खारघरपर्यंतची पत्रं आली. त्यांतली सात घेतली आहेत. लांब पत्रं थोडक्यात दिली आहेत, मुद्दा मात्र कुठेही बदललेला नाही.

माझा मुलगा दहावीत आहे. दर शनिवारी मित्राकडे जाऊन चार-चार तास फासे टाकत बसतो. विचारलं तर ‘डी अँड डी’ म्हणतो. हा जुगार आहे का? राक्षस, भुतं असंही कानावर येतं. जीव थाऱ्यावर राहत नाही.
– एक आई, कळवा

ताई, जुगार नाही. जुगारात काहीतरी पणाला लागतं. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तात बेहड्याच्या फळांचे फासे खेळणारा जुगारी आहे. त्याची बायको दुरावते, सासू त्याला उभं करत नाही, रात्री तो दुसऱ्यांच्या घरांभोवती घोटाळतो. तुमच्या मुलाच्या टेबलावर एक रुपयाही नसतो. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. फासा एवढंच सांगतो की जे करायचं म्हटलं ते जमलं की फसलं.

डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा नावाच्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ 1974 साली आणला. पहिल्यांदा फक्त हजार प्रती छापल्या होत्या. त्याआधी ही मंडळी शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळत. मग सैन्याऐवजी एकेका खेळाडूच्या हाती एकच माणूस दिला, आणि तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला.

खेळताना काय होतं ते सांगते. एक जण खेळ चालवतो, त्याला डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणतात. तो सांगतो, “भुयार संपतं तिथे लाकडी दार आहे. आतून कोणीतरी कण्हल्याचा आवाज येतोय. आता तू काय करतोस?” तुमचा मुलगा म्हणत असेल, “मी दाराला कान लावतो.” दुसरा म्हणेल, “मी मशाल विझवतो.” तिसरी म्हणेल, “थांबा, आत माणूस असेल तर त्याला अंधारात भीती वाटेल.” दहा मिनिटं त्यांचा खल होतो, मग एक जण फासा टाकतो. खेळ एवढाच. राक्षस असतातच, पण चार तासांतला बराच वेळ असल्या बोलण्यात जातो. दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं, आपलं म्हणणं पटवायचं, ठरलेलं फसलं तर पुढचं बघायचं.

आता दहावीचं. इथे मी मुलाची बाजू घेणार नाही. चार तास म्हणजे चार तासच. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा आणि उठण्याची वेळ आधी ठरवून, असं त्याच्याशी बोला. पण बंद करायला लावू नका. पाच जणांच्या गोष्टीतून एक जण अचानक उठून गेला की बाकीच्या चौघांचीही गोष्ट थांबते, आणि आपल्यामुळे ती थांबली हे त्याला वर्षभर सलत राहील. आणि एक शनिवार त्या मुलांना आपल्या घरी बोलवा. पोहे करा आणि बाजूला भाजी निवडत बसा. अर्ध्या तासात तुम्हीच विचाराल, “अरे, पण दाराआड आहे कोण?”

मी ऐरोलीत आयटीत आहे. ऑफिसातल्या ग्रुपसाठी तीन आठवडे खपून साहस, म्हणजे खेळायची गोष्ट, लिहिलं. डोंगर, लेणं, आतली मूर्ती, शेवटची लढाई. पाचही जण लेण्यात गेलेच नाहीत. पायथ्याच्या चहावाल्याचं काहीतरी लपलेलं आहे असं ठरवून दोन तास त्याच्याच मागे लागले. माझं काय चुकलं?
– एक डीएम, ऐरोली

तुम्ही गोष्ट लिहिलीत. लिहायचा होता प्रसंग.

मीही हेच केलं आहे, म्हणून त्याची जागा अचूक ठाऊक आहे. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह मुळात किल्ला आहे. पोर्तुगिजांनी बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांकडे आला आणि 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो वेढा घालून घेतला. त्या वेढ्यातल्या शेवटच्या रात्रीवर मी एक साहस लिहिलं होतं. पात्रं साधी: एक भिस्ती, एक कारकून, एक सुईण, एक कोळी. कारकुनाने दप्तर वाचवायचं, तिघांनी मदत करायची. मी दप्तरखान्याचा नकाशा काढला, कुलपांची वर्णनं लिहिली, पहारेकऱ्याचं दोन पानी भाषण लिहिलं. चाळीस पानं झाली.

शनिवारी खेळायला बसलो. कोळी झालेली मुलगी कॉलेजात शिकते, घर चेंदणी कोळीवाड्यातलं. तिने पहिल्याच मिनिटाला विचारलं, “आज तिथी कोणती?” मी म्हटलं, “कशाला?” ती म्हणाली, “भरती कधीची ते काढते. पाणी असेल तर सगळ्यांना होडीत घालून खाडीतून नेते. दप्तर मागाहून बघू.”

माझ्या चाळीस पानांत तिथी नव्हती. खाडीकाठच्या किल्ल्यावर लिहायला बसले आणि खाडीचं पाणी कुठल्याही पानावर नाही. तिने मग टेबलावरच हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेची पंधरा धरली तर सव्वाअकरा. पुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं. खाडीत आत शिरावं तशी वेळ आणखी थोडी पुढे सरकते. आम्ही त्या रात्री अष्टमी धरली. कारकून दप्तर सोडायला तयार नाही, सुईणीला वस्तीतल्या एका बाळंतिणीला मागे टाकवत नाही, आणि पहाटे सहानंतर पाणी उतरू लागणार. माझा पहारेकरी आपलं दोन पानी भाषण न करताच झोपी गेला. इतका जिवंत खेळ आमच्या टेबलावर त्याआधी झाला नव्हता.

तेव्हापासून मी एकच पान लिहिते. त्यावर माणसं असतात आणि प्रत्येकासमोर त्याला काय हवंय ते एका ओळीत. मग वेळ असते: कोणी काहीच केलं नाही तर तासागणिक काय होत जाईल. आणि जागेचा स्वभाव लिहिते, जसं की पाणी कधी चढतं, दार कुठल्या बाजूला उघडतं, कुत्रं कोणाला ओळखतं. खेळाडू काय करतील ते लिहीत नाही. ते लिहिण्याचा हक्क माझा नाही.

तुमचा चहावाला वाया गेलेला नाही. पुढच्या वेळी त्याला काहीतरी ठाऊक असू द्या. लेण्यात दर अमावास्येला कोण दिवा लावतं हे त्याने पाहिलं असेल, त्या माणसाची उधारी त्याच्या वहीत असेल. तुमचं लेणं आहे तिथेच राहील, वाट मात्र चहाच्या टपरीवरून जाईल. पाच माणसांनी दोन तास एका चहावाल्याची काळजी केली. तो तुम्ही चांगला रंगवला होता.

वीस बाजूंचे फासे महाग पडतात आणि बाहेरून मागवावे लागतात. त्यांच्याशिवाय खेळता येईल का?
– अकरावीतले तिघे, वर्तकनगर

येतं. घरातल्या ल्यूडोचे दोन फासे घ्या. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखी, म्हणजे शंभरात पाच. दोन साध्या फाशांची बेरीज तशी नसते. छत्तीस प्रकारे ते पडू शकतात. त्यात सात सहा प्रकारे येतो, दोन आणि बारा एकेकाच प्रकारे. यावर नियम बसवा: दहा किंवा जास्त आलं तर हवं ते झालं, सात ते नऊ आलं तर झालं पण काहीतरी किंमत मोजून, सहा किंवा कमी आलं तर घोटाळा. पहिलं छत्तीसात सहा वेळा, उरलेली दोन्ही पंधरा-पंधरा वेळा. पात्र एखाद्या कामात तरबेज असेल तर बेरजेत एक वाढवा. व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने 2010 मध्ये ही पद्धत रुळवली, आणि त्यावर पुढे कितीतरी खेळ निघाले. ‘झालं, पण किंमत मोजून’ हा जो मधला पट्टा आहे ना, गोष्ट खरी तिथे पिकते.

कवड्याही चालतील. आजीच्या डब्यात असतील तर आधी शंभर वेळा टाका आणि किती उताण्या पडल्या ते वहीत मांडा. कवडी नाण्यासारखी सम पडत नाही, तेव्हा तुमच्या कवड्यांचा नियम तुम्हालाच बसवावा लागेल. खाली राहणाऱ्यांचीही काळजी घ्या. आम्ही स्टीलच्या परातीत जुन्या सुती साडीचा घडी केलेला तुकडा अंथरून त्यावर फासे टाकतो. आवाज होत नाही आणि फासा कपाटाखालीही जात नाही.

आम्ही मराठी मुलं, पण खेळायला बसलो की सगळं इंग्रजीत. मराठीत बोलायला गेलं की नाटकी वाटतं. मराठीत हा खेळ होतो का?
– एक खेळाडू, कोपरी

होतो, आणि काही गोष्टी मराठीतच होतात.

पारिभाषिक शब्दांसाठी अडू नका. डीएम, कॅरेक्टर शीट, सेशन, रोल कर हे सगळं तसंच राहू द्या. टेबलावर आपण जे बोलतो ते मराठीच आहे. डीएमला ‘सूत्रधार’ म्हणून बघा, आवडलं तर ठेवा. नाटकीपणा शब्दांमुळे येत नाही. आपण पात्रांच्या तोंडी पुस्तकी मराठी घालतो, त्यामुळे तो येतो. वेशीवरचा पहारेकरी “थांबा, आपण कोण आहात?” असं म्हणणार नाही. तो म्हणेल, “ए, कुठं निघालास?”

याच जागी मराठी तुमच्या हातात एक हत्यार देते. इंग्रजी ‘यू’मध्ये नातं कळत नाही. मराठीत पहारेकऱ्याने तोंड उघडलं की तू, तुम्ही, आपण यांतलं काहीतरी त्याला निवडावंच लागतं, आणि त्या निवडीसरशी तुमची पायरी ठरते. माझ्या एका खेळात गावचा सावकार सगळ्यांना अरे-तुरे करतो. भाकरी मागायला आलेल्या एका म्हातारीला मात्र ‘आपण’ म्हणतो. मी काहीच समजावून सांगितलं नाही. खेळाडूंनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुढचा तासभर ते त्या म्हातारीच्या मागावर होते.

दुसरी गंमत व्याकरणातली. आपल्याकडे ‘मी गेले’ किंवा ‘मी गेलो’ म्हटलं की बोलणारी बाई की पुरुष ते कळतं. ‘मी पाहिलं’, ‘मी कुलूप लावलं’, ‘मी दिवा विझवला’ यांत कळत नाही, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं. मी एका रहस्याच्या खेळात एक निनावी चिठ्ठी लिहिली: “मी सगळं ऐकलं. किल्ली मी उचलली. दिवाही मीच विझवला. उद्या पुन्हा येईन.” टेबलावर चिठ्ठी तीनदा फिरली. चौथ्यांदा आमच्यातली फिजिओथेरपिस्ट म्हणाली, “हिच्यात एकही गेलो नाही की गेले नाही. लिहिणाऱ्याने मुद्दाम लपवलंय.” तोवर सगळे ‘तो चोर’ म्हणत होते. त्या क्षणी वाड्यातल्या बायकाही संशयितांत आल्या. ही चिठ्ठी मला माझ्या परदेशी संपादकांसाठी इंग्रजीत करता आली नाही. मी ती मराठीसाठीच ठेवली आहे.

भुतंही आपलीच घ्या. कोकणातला चकवा बघा. तो मारत नाही, खात नाही, माणसाला ओळखीच्या वाटेवर फिरवत ठेवतो. तलवारीने त्याला मारता येत नाही. मग येऊरच्या जंगलात संध्याकाळी सातला तेच वडाचं झाड तिसऱ्यांदा दिसलं तर काय कराल? हे लिहिताना मला अजूनही अंगावर काटा येतो.

ताई, मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला तुझ्यासारखं खेळ लिहून पोट भरायचं आहे. किती पैसे मिळतात? सुरुवात कुठून करू?
– नेरूळची एक वाचक

खरे आकडे सांगते. माझं पहिलं काम शब्दाला तीन सेंट दराचं होतं. चार हजार शब्द, एकशे वीस डॉलर. ऐकायला बरं वाटलं. मग दोनदा दुरुस्त्या झाल्या, नकाशाच्या सूचना लिहिल्या, खेळून पाहिलं. सगळे मिळून चाळीस तास गेले, म्हणजे तासाला तीन डॉलर. आज माझा दर त्याच्या तिपटीहून थोडा वर आहे. तरीही माझ्या घराचं भाडं सकाळच्या कामातून जातं. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचा मराठी अनुवाद करते. दहा ते दोन अनुवाद, दुपारी जेवण आणि बँक-बाजार, चार ते आठ खेळ. रात्री कधीकधी संपादकांशी बोलणं, कारण न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यामागे साडेनऊ तास, थंडीत साडेदहा. नोकरी धरून हे सुरू कर. पोट फक्त याच्यावर ठेवलंस तर वाईट कामालाही हो म्हणावं लागेल, आणि ते तुझ्या लिहिण्यात दिसेल.

आता माझं एक नुकसान सांगते, तुझं होऊ नये म्हणून. चौथ्या वर्षी एका परदेशी प्रकाशकासाठी मी अकरा हजार शब्द लिहिले. करारात होतं, ‘पैसे प्रकाशनानंतर’. पुस्तक निघालंच नाही. संपादक बदलले, मेलना उत्तरं येईनाशी झाली. हक्क आधीच त्यांच्या नावावर केलेले, त्यामुळे तो मजकूर मला दुसरीकडेही देता येईना. पाच महिने गेले. त्या शब्दांत आमच्या शनिवारच्या टेबलावरची एक सुंदर जागा होती, खाडीपलीकडच्या मिठागरावरचा रखवालदार. तो अजून कुठेतरी कोणाच्या तरी फोल्डरमध्ये अडकून आहे, आणि त्याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

म्हणून करार वाच. पैसे ‘मजकूर स्वीकारल्यावर’ मिळाले पाहिजेत आणि त्याला दिवसांची मुदत हवी, तीस किंवा पंचेचाळीस. प्रकल्प रद्द झाला तर किती टक्के देणार ते लिहून हवं. ‘वर्क फॉर हायर’ असेल तर मजकुरावर तुझा काहीही हक्क राहत नाही, हे समजूनच सही कर. तसं काम वाईटच असतं असं नाही, मीही घेते. पण आपल्या जिवाची गोष्ट त्यात घालू नकोस. अमेरिकी प्रकाशक डब्ल्यू-8 बेन नावाचा फॉर्म भरायला सांगतील. त्यात आपण तिथले नागरिक नाही आणि इथे कर भरतो एवढंच लिहून द्यायचं असतं, घाबरू नकोस. बीकॉम आहेस, तेव्हा बाकीचा हिशेब तुला माझ्यापेक्षा चांगला कळेल. सेवांसाठी आपल्याकडे जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला वीस लाख आहे, तो दिवस अजून लांब आहे.

सुरुवातीसाठी कोणाच्या परवानगीची वाट बघू नकोस. खेळाची यंत्रणा, म्हणजे फासे कसे टाकायचे, बेरीज कशी करायची, ही कल्पना असते. त्यावर कॉपीराइट नसतो. तो मांडणीवर असतो, शब्दांवर आणि चित्रांवर. त्यातून जानेवारी 2023 मध्ये डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सगळ्यांना वापरायला खुला झाला. त्याआधी, इतरांना हे नियम वापरू देणारा जुना परवाना बदलण्याच्या बेतावरून जगभरच्या खेळाडूंनी मोठा गदारोळ केला होता, त्याचं हे फळ. आज तू त्या नियमांवर आपलं साहस लिहून, ठरलेला श्रेयनिर्देश देऊन, पीडीएफ करून विकू शकतेस. आधी आठ पानांचं कर. आणि छापण्याआधी ते दुसऱ्या कोणाला तरी चालवायला दे, स्वतः तोंड मिटून बाजूला बस. जिथे तो पान उलटून मागे जाईल आणि डोकं खाजवेल, तिथे पेन्सिलने खूण कर. माझ्या प्रत्येक साहसात अशा वीस-पंचवीस खुणा होतात. पुढच्या खर्ड्यात मी आधी त्या जागा धरते.

मी ग्रुपमध्ये एकटीच मुलगी आहे. एका मुलाचं पात्र सारखं माझ्या पात्राच्या अंगचटीला येतं. बोलले तर तो म्हणतो, “मी नाही, माझं कॅरेक्टर तसं आहे.” डीएमही हसून सोडून देतो. मी जास्त मनाला लावून घेतेय का?
– खारघर

नाही. तू बरोबर आहेस.

पात्र स्वतः काहीच करत नाही. ते काय करतं ते टेबलावर बसलेला माणूस ठरवतो आणि मोठ्याने बोलतो. “माझं कॅरेक्टर तसं आहे” म्हणजे “मी ते तसं केलं आहे”. बदलणंही त्याच्याच हातात आहे.

जगभरच्या टेबलांवर यासाठी एक साधा उपाय चालतो. जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांनी 2013 च्या सुमारास तो मांडला: टेबलाच्या मधोमध फुलीचं एक कार्ड ठेवायचं. कोणीही त्याला हात लावला की चाललेला प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं. का ते विचारायचं नाही. आमच्याकडे पत्त्यांच्या कॅटमधला जोकर असतो. नऊ वर्षांत त्याला फार तर सात-आठ वेळा हात लागला असेल. एकदा मीच लावला होता, गोष्टीत हॉस्पिटल आलं तेव्हा. वडील जाऊन तीन आठवडे झाले होते. कोणी काही विचारलं नाही. सूत्रधाराने “सकाळ होते” म्हटलं आणि आम्ही बाजारात होतो.

डीएमशी एकटीने, खेळाबाहेर बोल. पुढच्या सेशनआधी सगळ्यांनी बसून काय चालेल, काय चालणार नाही ते ठरवायचं, एवढंच माग. तो पुन्हा हसला तर ऊठ. त्या टेबलाला तू देणं लागत नाहीस. तूच एक टेबल मांड. नेरूळची मुलगी वर लिहितेच आहे, आणि तुमच्यासारख्यांची आणखी तीन पत्रं माझ्याकडे आहेत. चालणार असेल तर मासिकाकडे कळवा, ते तुमची गाठ घालून देतील.

वय 67. रेल्वेतून निवृत्त. हौशी नाटकांत बावीस वर्षं प्रॉम्प्टर होतो, गडकरी रंगायतनच्या विंगेतही उभा राहिलोय. तलावपाळीवर आम्ही चौघे रोज संध्याकाळी बसतो, बोलायचे विषय संपत आले आहेत. आम्हाला जमेल का? बारीक अक्षर दिसत नाही.
– नौपाडा

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. प्रॉम्प्टरने बावीस वर्षं जे केलं तेच सूत्रधाराला करायचं असतं. बोलणाऱ्याच्या ओठांवर लक्ष ठेवायचं, अडला की एक शब्द पुढे करायचा आणि पुन्हा अंधारात जायचं. आमच्यातले कितीतरी तरुण डीएम नेमके इथेच अडखळतात. त्यांना उजेडात राहायचं असतं.

नियमांचं पुस्तक लागणार नाही. दोन मोठे फासे आणा, वर वर्तकनगरच्या मुलांना सांगितलेला नियम वापरा. प्रसंग मी देते.

16 एप्रिल 1853. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली आहे. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. तुम्ही चौघे ठाण्याच्या टोकाला गर्दीत उभे आहात. एक जण हलवाई, पेढ्यांची परात घेऊन आलेला. एक जण रुळाच्या कामावरचा मुकादम. एकाच्या शेतातून हा रूळ गेला आहे. चौथ्याचा मुलगा परवापासून घरी आलेला नाही आणि तो इंजिन बघायला गेला असं कोणीतरी म्हणालं आहे. लांबवर धूर दिसतो. आणि धुराच्या अलीकडे, रुळावर, काहीतरी हलतंय. उन्हामुळे नीट दिसत नाही.

इथे थांबा, आणि मुलगा शोधत आलेल्या बापाला पहिलं विचारा, “आता तुम्ही काय करता?” तो गप्प राहिला तर राहू द्या. किती वेळ थांबायचं ते तुम्हाला सांगायला नको. आणि पात्रांची नावं जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर जाड पेनाने लिहून समोर उभी करा, म्हणजे चष्मे शोधायला नकोत.